स्नोई माउंटन्स आणि कोझियस्को राष्ट्रीय उद्यान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑस्ट्रेलियात राहणारी मराठी कुटुंबं, त्यांच्याकडे भारतातून येणारे पाहुणे आणि ‘सेव्हन समिट्स’च्या (सात खंडांवरच्या सर्वोच्च शिखरांच्या) मागे लागलेले गिर्यारोहक या भागाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. भाडी, वेळा आणि पासचे दर दर मोसमाला बदलतात. ते निघण्याआधी राष्ट्रीय उद्यानाच्या आणि रिसॉर्टच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

हा प्रदेश नेमका कुठे येतो?

न्यू साउथ वेल्स राज्याच्या दक्षिण टोकाला, कॅनबेराच्या नैर्ऋत्येला. ऑस्ट्रेलियन आल्प्सची रांग व्हिक्टोरियातून न्यू साउथ वेल्समार्गे कॅनबेरापर्यंत जाते. तिच्यातला सर्वांत उंच भाग म्हणजे स्नोई माउंटन्स. यातलं बहुतेक क्षेत्र कोझियस्को राष्ट्रीय उद्यानात आहे. उद्यान सुमारे ६,९०० चौरस किलोमीटरचं आहे. माउंट कोझियस्कोची उंची २,२२८ मीटर, त्याखालोखाल शेजारचा माउंट टाउनसेंड २,२०९ मीटर. मुक्कामाचं मुख्य गाव जिंडाबाइन, त्याच नावाच्या तलावाकाठी. तिथून थ्रेडबो आणि पेरिशर ही दोन्ही स्की रिसॉर्ट्स साधारण ३५ किलोमीटरच्या आत आहेत.

बर्फ बघायचाय. मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत यावं का?

बर्फासाठी मे महिना चुकीचा आहे. भारतातून बुकिंग करणाऱ्यांचा सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. मे म्हणजे तिथला शरद ऋतूचा शेवट: थंडी असते, आकाश स्वच्छ असतं, गर्दी नसते, पण जमिनीवर टिकणारा बर्फ नसतो.

स्कीचा मोसम अधिकृतपणे जूनच्या दुसऱ्या सोमवारला जोडून येणाऱ्या लाँग वीकेंडला सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारच्या लाँग वीकेंडला संपतो. सुरू होण्याचा दिवस कॅलेंडरवर ठरलेला असला तरी बर्फ कॅलेंडर पाहत नाही. जूनमध्ये बरेचदा यंत्रांनी तयार केलेल्या बर्फाच्या पट्ट्यावरच घसरावं लागतं. थर सर्वांत जाड असतो तो ऑगस्टमध्ये आणि सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. म्हणजे आपल्याकडे श्रावण-भाद्रपद असताना. तेवढ्यासाठीच एवढा खर्च करणार असाल तर ऑगस्टचा दुसरा-तिसरा आठवडा धरा.

दिवाळीच्या सुट्टीत आलात तर बर्फ वितळत असतो, ओढे भरून वाहतात आणि उंचावरच्या पायवाटांवर बर्फाचे पट्टे शिल्लक असतात. नाताळच्या सुट्टीत पूर्ण उन्हाळा. जानेवारी ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत वरची कुरणं फुलांनी भरलेली असतात, आणि आमच्या मते या पर्वताची खरी ओळख तेव्हाच होते. फक्त जानेवारीत मोठ्या चावऱ्या माशा फार असतात. त्या गडद रंगाच्या कपड्यांकडे जास्त येतात, म्हणून फिके आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.

बर्फ खरंच कमी होतोय का?

हो. पेरिशरच्या पुढच्या शार्लट पासजवळ स्पेन्सर्स क्रीक इथे १,८३० मीटर उंचीवर १९५४ पासून दर हिवाळ्यात बर्फाची खोली नियमित मोजली जाते. आजवरचा उच्चांक १९८१ चा, ३६१ सेंटिमीटर. वर्षावर्षांत चढउतार मोठा असला तरी एकूण कल उताराचा आहे, आणि तो मोसमाच्या शेवटच्या आठवड्यांत सर्वांत स्पष्ट दिसतो. सप्टेंबरअखेरचं बुकिंग परतावा मिळणारं असेल तरच करा.

सिडनी, कॅनबेरा किंवा मेलबर्नहून कसं जायचं?

सिडनीहून जिंडाबाइन साधारण ४६० किलोमीटर, न थांबता साडेपाच तास. मुलं असतील तर सात धरा. कॅनबेराहून कूमामार्गे सुमारे अडीच तास. मेलबर्नहून थ्रेडबोला सहा तासांच्या आसपास लागतात. हिवाळ्यात सिडनी आणि कॅनबेराहून बसगाड्या सुटतात. उन्हाळ्यात सार्वजनिक वाहतूक अगदीच तुटपुंजी असते, तेव्हा स्वतःची किंवा भाड्याची गाडी लागतेच.

गाड्या डाव्या बाजूनेच चालतात, त्यामुळे भारतीय चालकाला तो त्रास नाही. पर्यटक म्हणून आलेल्यांना मूळ देशाच्या वैध परवान्यावर गाडी चालवता येते. तो इंग्रजीत नसेल तर भाषांतर सोबत लागतं. धोका वेगळाच आहे. संध्याकाळी अंधारू लागल्यावर आणि पहाटे कांगारू व वाँबॅट रस्त्यावर येतात. वाँबॅट बुटका, पण भरीव असतो; त्याला धडकलं तर गाडीचा खालचा भाग फुटतो. कूमाच्या पुढचा प्रवास उजेडात संपेल अशा बेताने निघा.

स्नो चेन म्हणजे काय, आणि त्या घ्याव्याच लागतात का?

टायरवर चढवायच्या साखळ्या. जून ते ऑक्टोबरच्या त्या ठरलेल्या काळात उद्यानातल्या सूचनाफलक लावलेल्या रस्त्यांवर टू-व्हील-ड्राइव्ह गाडीत त्या सोबत असणं कायद्याने बंधनकारक आहे, मग त्या दिवशी रस्ता कोरडा असला तरी. तपासणी होते आणि दंडही होतो. फोर-व्हील-ड्राइव्हला सक्ती नाही, पण घ्या. चारही चाकांना ताकद मिळाली म्हणून काचेसारख्या बर्फावर ब्रेक लागत नाहीत.

कूमा आणि जिंडाबाइनच्या दुकानांत चेन भाड्याने मिळतात. टायरच्या बाजूला छापलेला आकडा, उदाहरणार्थ २०५/५५ आर१६, वाचून त्याच मापाची मागा. दुकानातच एकदा चढवून दाखवायला सांगा आणि मग स्वतः चढवून बघा. पहिला प्रयत्न अंधारात, बोटं बधिर झालेली असताना आणि मागे गाड्यांची रांग लागलेली असताना करू नका.

चढवायची जागा म्हणजे रस्त्याकडेला खास केलेला रुंद भाग. तिथे ‘चेन लावा’ असा फलक दिसला की लगेच लावा. पुढे चढावर गाडी घसरू लागल्यावर लावायला जागाच उरत नाही. चेन लावायच्या त्या ताकद मिळणाऱ्या चाकांना. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत ती पुढची असतात. मागच्यांना लावून निघालेल्या गाड्या दरवर्षी अडकतात. आधी चाकाच्या आतल्या बाजूचा आकडा अडकवा, मग बाहेरचा, नंतर ताण द्या. शंभरेक मीटर जाऊन थांबा आणि पुन्हा आवळा, कारण पहिल्या फेऱ्यांत साखळी बसते आणि सैल होते. सैल चेन चाकावरच्या पत्र्याला आणि ब्रेकच्या नळ्यांना मारते. वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवा. डांबर दिसायला लागलं आणि काढण्याचा फलक आला की काढा. कोरड्या रस्त्यावर कड्या तुटतात.

भाड्याची गाडी असेल तर करार नीट वाचा. कित्येक कंपन्या बर्फाच्या रस्त्यावर विमा लागू करत नाहीत.

चेनची कटकटच नको असेल तर?

स्कीट्यूब घ्या. जिंडाबाइन ते थ्रेडबो रस्त्यावर बुलक्स फ्लॅट इथे तिचं मोठं वाहनतळ आहे आणि तिथपर्यंत चेन लागत नाही. ही दातेरी रुळांवर चढणारी रेल्वे १९८७ मध्ये पेरिशरपर्यंत आणि पुढच्या वर्षी त्यापुढच्या ब्लू काउ स्थानकापर्यंत सुरू झाली. एकूण मार्ग साधारण साडेआठ किलोमीटरचा, त्यातला बराचसा बोगद्यात. वादळात रस्ता बंद असतानाही ती बहुधा चालू असते. पहिल्यांदा बर्फात जाणाऱ्या कुटुंबाने हाच मार्ग धरावा असं आमचं स्पष्ट मत आहे.

गाडी रात्रभर बाहेर ठेवली तर सकाळी सुरू होईल ना?

डिझेलची असेल तर शंका आहे. साध्या डिझेलमधलं मेण कडक थंडीत गोठतं आणि फिल्टर तुंबतो. हिवाळ्यात जिंडाबाइन किंवा कूमाच्या पंपांवर ‘अल्पाइन डिझेल’ मिळतं. टाकी तिथे पोहोचताना रिकामी होत आलेली असावी, म्हणजे नवं डिझेल भरपूर मावेल आणि वर चढताना ते इंजिनापर्यंत पोहोचेल. सिडनीलाच टाकी काठोकाठ भरून आणली तर याचा उपयोग होत नाही. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी नको, गोठणरोधक मिश्रण हवं. रात्री गाडी गिअरमध्ये ठेवा आणि हँडब्रेक ओढू नका, तो गोठून चिकटतो. वायपर काचेपासून उचलून ठेवा. सकाळी काचेवर उकळतं पाणी ओतू नका, काच तडकते.

कोझियस्को शिखर किती अवघड आहे?

ऑक्टोबरअखेर ते मे या काळात, चांगल्या हवेत, अवघड अजिबात नाही. थ्रेडबो गावातून (१,३६५ मीटर) कोझियस्को एक्सप्रेस चेअरलिफ्टने ईगल्स नेस्टला (१,९३७ मीटर) पोहोचायचं. आपलं कळसूबाई १,६४६ मीटरचं. म्हणजे लिफ्टमधून उतरतानाच तुम्ही महाराष्ट्रातल्या सर्वोच्च बिंदूच्या वर असता. तिथून शिखर जाऊन येऊन १३ किलोमीटर, चढ सुमारे ३०० मीटर, वेळ चार ते सहा तास.

वाटेचा मोठा भाग जमिनीपासून उचललेल्या लोखंडी जाळीवरून जातो. लाखो बुटांखाली माती निसटत होती म्हणून ती बसवली. जाळीखाली आता गवत पुन्हा वाढलं आहे. त्यामुळे फोटोसाठीसुद्धा खाली उतरू नका. पहिला लुकआउट लिफ्टपासून २ किलोमीटरवर. मग लेक कूटापटांबा डावीकडे खाली ठेवून वाट रॉसन पास या खिंडीत जाते. तिथे ऑस्ट्रेलियातलं सर्वांत उंचावरचं सार्वजनिक शौचालय आहे. शेवटचा रस्ता डोंगराला वळसा घेत सौम्यपणे माथ्यावर नेतो.

लोक चुकतात ते वेळेत. उतरण्याची शेवटची लिफ्ट दुपारीच सुटते. तिची वेळ वर जातानाच फलकावर वाचा. ती चुकली तर मेरिट्स नेचर ट्रॅकने सुमारे ४ किलोमीटर तीव्र उताराने गावात उतरावं लागतं, तेही थकलेल्या गुडघ्यांनी. वारा किंवा विजा असतील तर लिफ्ट कधीही थांबते, तेव्हा हीच वाट.

लिफ्टशिवाय जायचं असेल तर?

शार्लट पासहून. जुन्या मोटार रस्त्यानेच चालायचं, जाऊन येऊन १८.६ किलोमीटर, सहा ते आठ तास. या रस्त्यावर पूर्वी गाड्या थेट रॉसन पासपर्यंत जात. आता सायकल तिथपर्यंत चालते. ती स्टँडला लावून शेवटचा टप्पा पायी. वाटेत दगडी सीमन्स हट लागतं. ऑगस्ट १९२८ मध्ये लॉरी सीमन आणि इव्हान हेज हे दोन स्कीपटू हिमवादळात गेले. सीमनच्या स्मरणार्थ १९२९ मध्ये ही झोपडी बांधली. ती आसऱ्यासाठी आहे, मुक्कामासाठी नाही.

याहून देखणी वाट म्हणजे मेन रेंज: शार्लट पासहून निघून ब्लू लेक, क्लब लेक, लेक अल्बिना यांच्या कडेने शिखराला आणि सीमन्स हटमार्गे परत. सुमारे २२ किलोमीटर, पूर्ण दिवस. सुरुवातीलाच स्नोई नदी दगडांवरून ओलांडावी लागते. वसंतात पाणी चढलेलं असतं. दगड बुडालेले दिसले तर परत फिरा आणि जुन्या रस्त्याने जा.

हिवाळ्यात पेरिशरच्या पुढे शार्लट पासचा रस्ता गाड्यांसाठी बंद असतो.

‘सेव्हन समिट्स’साठी हे शिखर चालतं का?

गिर्यारोहक डिक बास यांच्या यादीत कोझियस्को आहे. दुसरे गिर्यारोहक राइनहोल्ड मेसनर यांच्या यादीत त्याऐवजी न्यू गिनी बेटावरचं पुंचाक जया (४,८८४ मीटर) आहे. अनेक जण दोन्ही करतात. आणखी एक बारकावा: कोझियस्को हे ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरचं सर्वोच्च शिखर. ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातल्या हर्ड बेटावरचं मॉसन पीक २,७४५ मीटर आहे.

सोपी वाट आहे तर मग माणसं अडचणीत का येतात?

हवामानामुळे. वर झाड नाही, खडकाचा आडोसा नाही, आणि पश्चिमेचा वारा थेट अंगावर येतो. बर्फ वर्षातल्या कुठल्याही महिन्यात पडू शकतो, जानेवारीतसुद्धा. सकाळी अर्ध्या बाह्यांत निघालेल्या माणसाला दुपारी ढगात सापडल्यावर पुढची दहा पावलं दिसत नाहीत. ऑस्ट्रेलियात नोंदलेलं सर्वांत कमी तापमान, उणे २३ अंश सेल्सिअस, शार्लट पासचंच आहे (२९ जून १९९४).

म्हणून जलरोधक जॅकेट, लोकरी किंवा फ्लीसचा थर, टोपी, हातमोजे, दोन लिटर पाणी, खाणं आणि कागदी नकाशा उन्हाळ्यातही सोबत हवेत. फोनची रेंज तुटक असते. जिंडाबाइनच्या अभ्यागत केंद्रात उद्यान विभाग आपत्कालीन संकेत देणारं लोकेटर बीकन विनामूल्य उसनं देतो. लांबच्या वाटेला जाणार असाल तर ते घ्या आणि परतीची वेळ नोंदवा. आपत्कालीन क्रमांक ०००.

ऊन कमी लेखू नका. थंड वाऱ्यात चटका कळत नाही, संध्याकाळी चेहरा भाजलेला असतो. बर्फावरून परावर्तित किरण हनुवटीखाली आणि नाकपुड्यांपाशीही लागतात; सनस्क्रीन तिथेही लावा.

पहिल्यांदाच स्की करणार आहोत. थ्रेडबो की पेरिशर?

पेरिशर १,२४५ हेक्टरवर पसरलंय, चार जुनी रिसॉर्ट्स जोडून झालेलं. सौम्य उतार भरपूर. थ्रेडबो अरुंद दरीत आहे. उंचीचा फरक ६७२ मीटर, ऑस्ट्रेलियात सर्वांत जास्त, उतार लांब आणि तीव्र. तरी थ्रेडबोतलं फ्रायडे फ्लॅट नवशिक्यांसाठी उत्तम आहे आणि गाव म्हणून थ्रेडबो जास्त जिवंत. नुसतं बर्फात खेळायचं, टोबोगनवरून (बर्फावरच्या घसरगाडीवरून) घसरायचं, एवढंच असेल तर उत्तरेकडचं सेलविन पाहा. जानेवारी २०२०च्या वणव्यात ते जळालं होतं, २०२३ मध्ये नव्याने उघडलं.

पहिल्या दिवशी शिकवणी घ्याच. जीन्स घालू नका: सुती कापड भिजतं, वाळत नाही आणि अंगाची ऊब ओढून घेतं. जलरोधक पँट, जॅकेट आणि बूट जिंडाबाइनला भाड्याने मिळतात. मोजे एकच जोडी, पातळसर, पोटरीपर्यंत. दोन जोड्या घातल्या की बुटात रक्ताभिसरण अडतं आणि पाय उलट गार पडतात.

हे पर्वत इतके बुटके आणि गोल का?

वय झालंय म्हणून. इथला ग्रॅनाइट ४० कोटी वर्षांच्या आसपासचा आहे, आणि तेव्हापासून पाऊस, वारा, बर्फ त्याला झिजवत आले आहेत. मागच्या हिमयुगात शिखराभोवती लहान हिमनद्या होत्या. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर त्यांच्या खुणा फक्त इथेच आहेत. ब्लू लेकचा अर्धगोल कडा त्यांनीच कोरला.

इथले मूळ लोक कोण? कोझियस्को हे नाव कुठून आलं?

ही नगारिगो, वोलगलू आणि शेजारच्या इतर समाजांची भूमी. उन्हाळ्यात निरनिराळे समाज वर एकत्र जमत: विधी, सोयरीक, देवाणघेवाण, आणि बोगाँग पतंगांची मेजवानी. हे पतंग दक्षिण क्वीन्सलँडसारख्या दूरच्या मैदानांतून शेकडो किलोमीटर उडत येतात आणि शिखरांवरच्या खडकांच्या थंड कपारींत उन्हाळाभर निपचित पडून राहतात. एका चौरस मीटरला हजारोंच्या संख्येने, कौलांसारखे एकावर एक. ते स्निग्धांशाने भरलेले असतात. गरम राखेत भाजून खाल्ले जात.

नाव १८४० मध्ये पोलिश संशोधक पावेल स्ट्रझेलेत्स्की यांनी पोलिश सेनानी तादेउश कोशचुश्को यांच्यावरून ठेवलं.

बोगाँग पतंग कमी झाल्याने काय बिघडलं?

माउंटन पिग्मी पॉसम उपाशी राहू लागला. मुठीत मावणारा, सुमारे ४५ ग्रॅमचा हा प्राणी १८९५ मध्ये जीवाश्मांवरून वर्णिला गेला आणि नामशेष मानला गेला. १९६६ मध्ये व्हिक्टोरियातल्या माउंट हॉथमच्या एका स्की लॉजमध्ये तो जिवंत सापडला. तो बर्फाखालच्या दगडांच्या राशीत महिनोन्‌महिने शीतनिद्रा घेतो. बर्फ हीच त्याची दुलई. जाग आल्यावर त्याला पतंग हवे असतात. २०१७ पासूनच्या दुष्काळात पतंगांची संख्या कोसळली आणि पिशवीतली पिल्लं दगावू लागली. बर्फ कमी आणि पतंगही कमी, असा दुहेरी मार या प्राण्यावर बसतो आहे. दगडांच्या राशी हलवू नका, त्यावर मनोरे रचू नका.

काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा दक्षिणी कोरोबोरी बेडूकही इथलाच. कायट्रिड बुरशीने त्याला जवळजवळ संपवलं; आता प्राणिसंग्रहालयांत वाढवून परत सोडतात.

रस्त्याकडेला पांढरी मेलेली झाडं एवढी का?

ती स्नो गम जातीची निलगिरी. काही २००३ आणि २०१९-२० च्या वणव्यांत जळाली. वरून मेली तरी मुळाशी असलेल्या गाठीतून ती पुन्हा फुटतात, पण वणवे लवकर लवकर आले तर गाठीतला साठा संपतो. काही झाडं मात्र आग न लागताच मरतायत: लाकूड पोखरणाऱ्या लांबमिश्या भुंगेऱ्यांच्या अळ्या सालीखाली कड्यासारखी पोखरण करतात आणि रसवाहिन्या तुटतात. उष्णता आणि पाण्याच्या ताणाने झाडं आधीच कमजोर झाली की त्यांचं फावतं.

रानटी घोडे दिसतील का? ते वादग्रस्त का आहेत?

उत्तरेकडच्या मैदानांत दिसतील. त्यांना ब्रम्बी म्हणतात. पशुपालकांच्या इतिहासाचा भाग म्हणून २०१८ च्या कायद्याने त्यांना वारसा म्हणून मान्यता दिली. पण कडक खुरांनी ते पाणथळीतलं स्फॅग्नम शेवाळ तुडवतात. हे शेवाळ वितळलेलं पाणी धरून सावकाश सोडतं, आणि बेडूक त्यातच अंडी घालतात. २०२१ च्या आराखड्यात घोड्यांची संख्या ३,००० वर आणण्याचं ठरलं, २०२३ मध्ये हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालायला परवानगी मिळाली. घोड्यांवर माया असणाऱ्यांचं दुःख खरं आहे; तरीही हे शेवाळ एकदा गेलं की पुन्हा तयार व्हायला कित्येक पिढ्या लागतात, हे नजरेआड करता येत नाही.

धरणं आणि बोगद्यांची ती मोठी योजना कोणती?

स्नोई माउंटन्स योजना, १९४९ ते १९७४. पूर्वेकडे समुद्रात जाणारं पाणी पर्वताखालून बोगद्यांनी पश्चिमेच्या कोरड्या शेतीकडे वळवायचं आणि उतरताना वीज करायची. १६ मोठी धरणं, १४५ किलोमीटर बोगदे. तीसहून अधिक देशांतले एक लाखाहून जास्त लोक त्यावर राबले. १२१ जणांचा कामावर जीव गेला. महायुद्धात एकमेकांविरुद्ध लढलेल्या देशांतली माणसं एकाच बोगद्यात खोदत होती. युद्धोत्तर ऑस्ट्रेलिया बहुभाषक झाला त्यात या छावण्यांचा मोठा वाटा आहे.

किंमत गावांनीही मोजली. जुनं ॲडमिनबी आणि जुनं जिंडाबाइन पाण्याखाली गेलं. जिंडाबाइन धरणाखाली स्नोई नदीचा प्रवाह मूळच्या जेमतेम एक टक्क्यावर आला. दीर्घ आंदोलनानंतर २००२ पासून नदीसाठी पाणी सोडलं जाऊ लागलं.

त्याआधीची एक धावपळ किआंड्राची: १८५९-६० मध्ये तिथे सोनं सापडलं, हजारो लोक धावले, त्यात बरेच चिनी होते. नॉर्वेहून आलेल्या खाणकामगारांनी १८६१ च्या हिवाळ्यात लाकडी फळ्या पायांना बांधल्या, आणि ऑस्ट्रेलियातलं स्कीइंग तिथे सुरू झालं.

कुत्रा, ड्रोन, तंबू, शेकोटी: काय चालतं?

कुत्रा नाही. ड्रोन परवानगीशिवाय नाही. तंबू चालतो, पण हिमनदीच्या तलावांच्या पाणलोटात नाही. वर शेकोटी नाही, गॅसचा स्टोव्ह वापरा. मेन रेंजवर मुक्काम केलात तर स्वतःची विष्ठा बंद नळीत भरून खाली आणा; तिथल्या थंड, पातळ मातीत ती कुजत नाही आणि तलावात उतरते. निघण्याआधी बुटांचे तळ घासून धुवा. ऑरेंज हॉकवीडसारखी घुसखोर तणं बियांतून येतात.

भारतातून आलेल्या आईवडिलांना वर नेता येईल का? गुडघे दुखतात.

नक्की. थ्रेडबोची लिफ्ट घ्या. चढताना आणि उतरताना कर्मचाऱ्याला सांगितलं तर तो तिचा वेग कमी करतो. ईगल्स नेस्टला बसून दरी पाहता येते. थोडं चालवत असेल तर जाळीवरून पहिल्या लुकआउटपर्यंत जाऊन परत या, एकूण ४ किलोमीटर. या उंचीवर विरळ हवेचा त्रास सहसा होत नाही, पण वारा कानांना झोंबतो, मफलर हवाच. उन्हाळ्यात दुसरा पर्याय म्हणजे गाडीने थेट शार्लट पास. तिथल्या वाहनतळापासून काही मिनिटांच्या फळ्यांच्या वाटेवरून मेन रेंज समोर दिसते.

उत्तरेकडचं यारंगोबिली त्यांना आवडेल, तिथल्या चुनखडीच्या गुहा खरोखर बघण्यासारख्या आहेत. तिथलं २७ अंशांचं नैसर्गिक कोमट कुंड मात्र विचार करून ठरवा: वाट सुमारे ७०० मीटरची आणि चांगलीच उताराची आहे, आणि परत येताना तोच चढ चढावा लागतो.